माथ्यावरचे धोंडे आणि मातीखालची ओल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मग माझा मूळ लेखही पुन्हा काढून वाचला. उत्तर दोन-चार ओळींत मावणारे नव्हते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रॅनाइटच्या टेकड्यांच्या माथ्यावर पुष्कळदा एकावर एक रचल्यासारखे कातळ दिसतात. इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूर नावाचे पठार आहे, तिथे त्यांना 'टॉर' म्हणतात. हे कातळ आधी जमिनीखाली घडले आणि वरची माती वाहून गेल्यावर उघडे पडले, असे मी लिहिले होते. त्यावर तुमचे आक्षेप असे: कातळांत आडवे थर स्वच्छ दिसतात, तेव्हा हा गाळाचा खडक असावा. ग्रॅनाइटसारखा टणक दगड मातीखाली झाकलेला असताना कुजतो हे "बुद्धीला पटत नाही", त्याला आकार देतात ते ऊन आणि वारा. झीज सर्वांत जास्त माथ्यावर व्हायला हवी, मग दगड नेमका माथ्यावरच कसा शिल्लक राहतो? आणि शेवटचा आक्षेप म्हणजे, सत्तर वर्षांपूर्वीचा एक सिद्धांत मी सिद्ध झालेली गोष्ट असल्यासारखा मांडला. सोबत तुम्ही एका तोल सांभाळून उभ्या असलेल्या धोंड्याचा फोटो पाठवला आहे आणि 'हा हिमनदीने किंवा पुरानेच आणून ठेवला असणार' असे म्हटले आहे.

शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधीच्या गोष्टी स्पष्ट झाल्याशिवाय माझी चूक नेमकी कुठे झाली ते सांगता येणार नाही.

थरांचे आधी. ग्रॅनाइट तयार होतो तो जमिनीखाली काही किलोमीटर खोल अडकून राहिलेल्या शिलारसापासून. तो इतका सावकाश निवतो की स्फटिकांना वाढायला भरपूर वेळ मिळतो. म्हणूनच त्यातले करडे क्वार्ट्झ, पांढरे किंवा गुलाबी फेल्डस्पार आणि काळे अभ्रक नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे ओळखता येतात. डार्टमूरचा ग्रॅनाइट असा सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी निवला. तुमची शंका मात्र चुकीच्या संगतीत नाही. अठराव्या शतकात वर्नरसारखा नावाजलेला भूवैज्ञानिक ग्रॅनाइट आदिम समुद्राच्या पाण्यातून साचला असेच शिकवत होता. १७८५ मध्ये जेम्स हटन या स्कॉटिश भूवैज्ञानिकाला स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्ट या दरीत ग्रॅनाइटच्या लालसर शिरा आजूबाजूच्या जुन्या खडकात घुसलेल्या दिसल्या. दुसऱ्या खडकाच्या फटींत शिरायचे तर त्या वेळी तो वितळलेलाच असला पाहिजे. ग्रॅनाइट आगीतून आला या बाजूचा तो मोठा पुरावा ठरला.

मग फोटोतल्या आडव्या रेघा कसल्या? त्या भेगा आहेत. किलोमीटरभर जाडीच्या खडकाखाली दाबून असलेल्या ग्रॅनाइटवरचा भार झिजून कमी होत जातो, तसा तो किंचित फुगतो आणि जमिनीच्या पृष्ठभागाला समांतर उकलतो. पृष्ठभागाजवळ या भेगा दाट असतात आणि खोल जावे तशा विरळ होत जातात. उताराच्या टेकडीवर पाहिलेत तर त्याही उताराबरोबर झुकलेल्या दिसतील. शिवाय रेघेच्या वर आणि खाली दाणा तोच, रंग तोच. गाळाच्या थरांत जसा कुठे बारीक कुठे जाड कण, कुठे गोटे असा फरक पडतो, तसा इथे पडत नाही. या आडव्या भेगांना छेदणाऱ्या उभ्या भेगाही असतात. काही खडक निवताना आकसल्यामुळे पडलेल्या, काही पुढे भूकवचातल्या ताणांमुळे. उभ्या-आडव्या भेगांनी अखंड कातळाचे चौकोनी ठोकळे झालेले असतात. पुढची सगळी गोष्ट या भेगांवर उभी आहे, म्हणून त्या लक्षात ठेवा.

आता कुजण्याकडे. तुमचा खरा आक्षेप इथे आहे आणि मलाही तो एके काळी तसाच वाटत असे. ग्रॅनाइटच्या प्रदेशात रस्त्यासाठी कापलेल्या एका दरडीत मी पहिल्यांदा बोट खुपसले तो क्षण मला आठवतो. समोर ग्रॅनाइट होता यात शंका नव्हती. पांढरे दाणे, करडे दाणे, काळे ठिपके सगळे आपापल्या जागी, एक पांढरी शीरही सरळ रेषेत गेलेली. आणि तरी बोट आत गेले. मूठभर खडक हातात आला आणि मुरूम होऊन बोटांतून गळला. त्याच दरडीत हातभर अंतरावर एक गोल धोंडा होता. त्याच्यावर हातोडा मारला की खणखणीत आवाज येई. एकच खडक, एकाच दरडीत, अर्धा मुरूम आणि अर्धा पोलादासारखा. त्या दिवसानंतर मातीखाली ग्रॅनाइट कुजतो का, हा प्रश्न मला पडलेला नाही. कसा कुजतो, एवढाच उरला.

त्याचे उत्तर ओलीत आहे. उघड्या कातळावर पडलेला पाऊस काही मिनिटांत ओघळून जातो आणि कातळ वाळतो. मातीखालचा खडक मात्र महिनोन्महिने ओला राहतो. मुळे आणि सूक्ष्मजीव श्वास घेतात, त्यामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो पाण्यात विरघळून पाणी सौम्य आम्ल बनते. हे पाणी फेल्डस्पारमधले पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम हळूहळू काढून नेते आणि मागे चिकणमाती उरते. काळ्या अभ्रकातल्या लोहाला ऑक्सिजन मिळाला की ते अभ्रक किंचित फुगते. कण एवढेसे, पण शेजारच्या दाण्यांना पाचर मारल्यासारखे ते एकमेकांपासून सुटे करतात. क्वार्ट्झला यातले काहीच होत नाही, त्याची वाळू होते. सगळा फेल्डस्पार माती होईपर्यंत थांबावेही लागत नाही. दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटली की खडकाचा मुरूम झाला.

आणि पाणी आत शिरते कुठून? ताज्या ग्रॅनाइटमध्ये पाण्याला शिरायला जागा जवळजवळ नसते. ते शिरते भेगांतून. त्यामुळे प्रत्येक ठोकळा चहूबाजूंनी, बाहेरून आत कुजत जातो. सपाट बाजूवर पाणी एका दिशेने चढाई करते, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी जातात, मग कडा, आणि चौकोनी ठोकळ्याच्या पोटात गोल गाभा उरतो. वापरात असलेल्या साबणाच्या वडीचे कोपरे असेच आधी जातात. माझ्या दरडीतला तो खणखणीत धोंडा म्हणजे असा एक गाभा होता. तो गोल झाला होता, आणि त्याने ऊनही पाहिले नव्हते, वाराही.

तुमच्या उन्हाबद्दल बोलू. दिवसा तापून आणि रात्री निवून दगड फुटतो ही कल्पना जुनी आणि सहज पटणारी आहे. १९३६ मध्ये डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकी भूवैज्ञानिकाने ती तपासली. त्याने ग्रॅनाइटचा गुळगुळीत केलेला तुकडा ८९,४०० वेळा तापवला आणि निववला, दर वेळी सुमारे ११० अंश सेल्सियसच्या फरकाने. दिवसाला एक फेरी धरली तर ही २४४ वर्षे होतात. कोरड्या हवेत दगडाला काहीही झाले नाही. निववताना पाणी वापरायला सुरुवात केल्यावर मात्र थोड्याच फेऱ्यांत त्याची चकाकी गेली आणि बारीक भेगा दिसू लागल्या. वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांनी या प्रयोगाचा अर्थ 'ऊन काहीच करत नाही' असा लावला, आणि मूळ लेखात मीही उन्हाचे नाव घेतले नव्हते. ते अपुरे होते. ग्रिग्जचा तुकडा लहान होता आणि सगळीकडून मोकळा होता. खऱ्या कातळाचा पापुद्रा कडांनी जखडलेला असतो. अमेरिकेतल्या योसेमिटी या ग्रॅनाइटच्या दरीत, कड्यावरच्या अशा एका पापुद्र्याला संशोधकांनी साडेतीन वर्षे मोजमापाची उपकरणे लावून ठेवली, तेव्हा तो रोज उन्हाने कड्यापासून मिलिमीटरच्या हिशेबात बाहेर येतो आणि रात्री परत जातो असे दिसले. २०१४ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या ट्वेन हार्ट इथे ग्रॅनाइटच्या घुमटाचा पापुद्रा दिवसाढवळ्या तडकला आणि त्याचे चित्रीकरणही झाले. तेव्हा कातळ उघडा पडल्यावर त्याचे पापुद्रे सुटण्यात उन्हाचा हात आहे, हे तुमचे म्हणणे मी मान्य करतो. पण माझ्या दरडीतला, मातीत गाडलेला धोंडा उन्हाने गोल झाला असे म्हणता येणार नाही.

वाऱ्याचे मात्र मला मान्य करता येत नाही. वारा वाळू उडवतो ती बहुतेक जमिनीलगत, आणि ती दगडाला घासून गुळगुळीत करते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हायडनजवळ 'वेव्ह रॉक' म्हणून ग्रॅनाइटची एक भिंत आहे. सुमारे १५ मीटर उंच, शंभर मीटरहून लांब, आणि फुटायला आलेल्या लाटेसारखी आत वळलेली. पाहणाऱ्याला वाऱ्याचीच आठवण होते. पण ती वळण घेते तिथे एके काळी टेकडीच्या पायथ्याची माती होती. टेकडीवरून ओघळलेले पाणी त्या मातीत मुरे आणि पायथ्याचा खडक आतून कुजवे. पुढे माती गेली, कुजलेला भाग गेला आणि पोखरलेली भिंत उरली.

मातीतल्या ओलीचे आणखी एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. तुम्ही म्हणता की ग्रॅनाइटचे कोरीव काम हजारो वर्षे टिकते. टिकते, कोरडे राहिले तर. न्यूयॉर्कमध्ये १८८१ साली उभारलेला 'क्लिओपात्राज नीडल' हा इजिप्तचा ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून कोरलेला उंच निमुळता खांब, अस्वानच्या ग्रॅनाइटचा, साडेतीन हजार वर्षांचा. न्यूयॉर्कला आल्यावर थोड्याच वर्षांत त्याचे पापुद्रे गळू लागले आणि सगळ्यांनी तिथल्या हवेला दोष दिला. पुढे अभ्यासकांनी दाखवले की मूळ इजाच इजिप्तमधली होती. तो ओबेलिस्क पडून शतकानुशतके ओल्या जमिनीत लोळत होता आणि त्या काळात क्षारयुक्त भूजल त्याच्या आत चढले होते. नव्या ठिकाणच्या दमट हवेत ते क्षार जागे झाले.

आता माथ्याचा प्रश्न. तुमच्या विचारात टेकडी आधी आहे आणि दगड नंतर तिच्यावर शिल्लक राहतो. घडते ते उलट्या क्रमाने. एका सपाट-सखल प्रदेशाखाली ग्रॅनाइट आहे असे समजा. काही ठिकाणी भेगा वीत-दोन वीत अंतरावर आहेत, काही ठिकाणी कित्येक मीटरवर. दाट भेगांच्या जागी पाण्याला हजार वाटा मिळतात, तिथला खडक पार मुरूम होतो. विरळ भेगांच्या जागी मोठमोठे गाभे तसेच राहतात. वरचा मुरूम धुपून जाऊ लागला की दाट भेगांची जागा खाली जाते आणि विरळ भेगांची जागा मागे उंच राहते. तीच टेकडी, आणि तिच्या डोक्यावर तेच गाभे. हाच खेळ दरीच्या उतारावरही होतो. डार्टमूरमध्ये नदीकाठच्या उतारांवरही टॉर आहेत, फक्त फोटो माथ्यावरच्यांचे निघतात.

एकदा कातळ उघडा पडला की त्याची बाजू आणखी भक्कम होते. पाणी त्याच्यावर थांबत नाही, त्यामुळे तो शेजारच्या मातीखालच्या खडकापेक्षा सावकाश झिजतो. शेजारची जमीन खाली जात राहते आणि कातळ हळूहळू अधिक उंच दिसू लागतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आयर द्वीपकल्पावर ग्रॅनाइटच्या उघड्या घुमटांचे माथे दहा लाख वर्षांत एक मीटरसुद्धा झिजत नाहीत, असे मोजमाप झाले आहे. उघडा कातळ अजिबात झिजत नाही असे मात्र नव्हे. टॉरच्या माथ्यावर पाणी साचणारे गोल खळगे तुम्ही पाहिले असतील. जिथे पाणी थांबते तिथे कुजणे पुन्हा सुरू होते. अठराव्या शतकात विल्यम बोरलेस या इंग्रज पुराणवस्तू-अभ्यासकाने असे खळगे प्राचीन पुरोहितांनी धार्मिक विधींसाठी कोरले असे लिहिले होते, इतके ते बेतून घडवल्यासारखे दिसतात.

आता माझी चूक.

जमिनीखाली कुजणे आणि मग उघडे पडणे, ही दोन पायऱ्यांची कल्पना नायजेरियातल्या टेकड्यांबद्दल फाल्कनर या भूवैज्ञानिकाने १९११ मध्येच मांडली होती. डार्टमूरच्या संदर्भात ती गाजवली डेव्हिड लिंटन या ब्रिटिश भूगोलज्ञाने, १९५५ च्या निबंधात. त्याच्या मते खडक कुजला तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उष्ण, दमट हवामानात, खूप खोलवर. मग हिमयुगात गोठलेल्या जमिनीवरचा वरचा थर उन्हाळ्यात वितळून चिखलासारखा उताराने सरकला आणि गाभे उघडे पडले. मी हेच जसेच्या तसे लिहिले, आणि वर 'जगभर असेच घडते' असे एक वाक्य जोडले. ते वाक्य लिहायला नको होते.

कारण वाद तिथे संपला नव्हता. १९६२ मध्ये पामर आणि नीलसन या संशोधकांनी म्हटले की डार्टमूरसाठी उष्ण हवामानाची गरजच नाही. भेगांत पाणी गोठून खडक फुटला, तुकडे उताराने खाली घसरले आणि टॉर राहिला. टॉरच्या पायथ्याशी धारदार धोंड्यांचा जो सडा पसरलेला असतो, तो त्यांच्या बाजूने बोलतो. १९७१ मध्ये ईडन आणि ग्रीन यांनी डार्टमूरचा मुरूम तपासला तेव्हा त्यात चिकणमाती अगदी थोडी निघाली. उष्ण प्रदेशात कोट्यवधी वर्षे कुजलेला ग्रॅनाइट असा नसतो, तो बहुतांशी मातीच होऊन जातो. डार्टमूरच्या कडेला चिनीमातीच्या प्रचंड खाणी आहेत हे खरे, पण ती चिनीमाती होण्यात खालून वर चढलेल्या गरम द्रवांचा मोठा वाटा आहे. तिला हवामानाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

मग या शतकात वय मोजण्याची नवी रीत आली. अवकाशातून येणारे किरण उघड्या खडकातल्या क्वार्ट्झवर आदळतात तेव्हा बेरिलियम-१० हा अणू तयार होतो. हे किरण खडकात दोनेक मीटरच्या खाली फारसे पोचत नाहीत. म्हणून खडकाच्या पृष्ठभागात बेरिलियम-१० किती साठले आहे यावरून तो किती काळ उघडा आहे याचा अंदाज बांधता येतो. २०१३ मध्ये डार्टमूरच्या टॉरांची अशी वये प्रसिद्ध झाली आणि बहुतेक एक लाख वर्षांच्या आतली निघाली. खडक २८ कोटी वर्षांचा, आणि त्याचा आज दिसणारा चेहरा शेवटच्या हिमयुगातला. वाचताना मी थक्क झालो होतो. टॉर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी घडवून पुरून ठेवलेले आणि एकदाच उघडलेले काहीतरी, हे मूळ लेखातले चित्र डार्टमूरला लागू पडत नाही. तिथे कुजणे, उघडे पडणे, पापुद्रे आणि ठोकळे ढासळणे हे पुन्हा पुन्हा, एकमेकांत मिसळून चालले असणार.

पण म्हणून पामर-नीलसनचे गोठणारे पाणीही सगळीकडे नेऊन चालणार नाही. हंपीचे धोंडे सुमारे २५० कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटचे आहेत, आणि तिथली जमीन हिमयुगातही गोठलेली नव्हती. तरी गाभे तेच, गोलाई तीच, एकावर एक रचल्याचा भासही तोच. तिथे मुरूम नेला तो पावसाने आणि ओढ्यांनी. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांवर आणखी वेगळी गंमत आहे. तिथले टॉर प्रत्यक्ष हिमस्तराखाली गाडले गेले होते, तरी वाचले, कारण तो बर्फ तळाशी जमिनीला गोठून चिकटलेला होता आणि सरकत नव्हता. मुरूम कोण नेतो, किती वेळात नेतो, कुजण्याची खोली किती, हे त्या त्या ठिकाणाचे. भेगांची दाटी आणि मातीतली ओल, या दोन गोष्टी मात्र मी मागे घेणार नाही. मूळ लेखातले 'जगभर' हे वाक्य मी काढून टाकले आहे आणि लिंटनच्या परिच्छेदात नंतरच्या संशोधनाची भर घातली आहे.

राहिला तुमचा फोटो. हिमनदी धोंडे आणून ठेवते हे खरेच आहे. पण असा पाहुणा धोंडा बहुधा खालच्या खडकापेक्षा वेगळ्या जातीचा असतो, आणि त्याच्या आतल्या रेषांचा खालच्या कातळाशी काही संबंध नसतो. तुमचा फोटो मोठा करून पाहा. वरच्या धोंड्याच्या डाव्या अंगाला एक फिकट शीर तिरपी खाली येते आहे. धोंडा जिथे टेकला आहे तिथे ती भेगेपाशी थांबल्यासारखी वाटते. मग नजर तशीच तिरपी खाली न्या. खालच्या कातळात तीच शीर, तेवढीच रुंद, त्याच रेषेत पुढे गेलेली आहे. तो धोंडा शिलारस निवल्यापासून त्याच जागी आहे, फक्त त्याच्या आजूबाजूचे सगळे निघून गेले आहे.

फोटो कुठला ते कळवा. जवळून काढलेला आणखी एक असेल, ज्यात ती शीर आणि टेकलेली जागा दोन्ही स्वच्छ दिसतील, तर तुमची परवानगी घेऊन मला तो मूळ लेखात लावायचा आहे.